बर्फ काही फुटेना

हिवाळ्याच्या बैलाचं एक शिंग गळालं, मागाहून दुसरंही गळालं, पण मुंडकं काही पडेना. बलागियाला त्या बैलाचा असा संताप आला होता, की समोर उभा राहता तर तिनंच कुऱ्हाड घातली असती. थंडी म्हणजे बैल. त्याची शिंगं गळाली की थंडी मोडते, आणि मुंडकं पडलं की आल्दान नदीचा बर्फ फुटून समुद्राकडे वाहत जातो, हे तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं. बैल एवढा निगरगट्ट असतो, हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

एप्रिल सरत आला की सगळ्या गावाला वाटतं, नदीवरची बर्फाची वाट अजून थोडी टिकावी. पलीकडून पीठ आणायचं असतं, चहा आणायचा असतो, पेट्रोलचे डबे आणायचे असतात. एकदा बर्फ कच्चा झाला की वाट बंद, आणि मग होड्या सुरू होईपर्यंत गाव आपलं एकटं. म्हणून सगळे नदीला हात जोडून म्हणत होते, बाई, अजून जरा दम धर. आणि बलागिया रोज सकाळी काठावर उभी राहून म्हणत होती, फूट एकदाची.

कारण तिचा मुलगा केस्किल शनिवारी गाडी घेऊन तिला शहरात न्यायला येणार होता. चार दिवस राहायला नव्हे, कायमचं. बलागिया त्याला नाही म्हणाली होती. एकदा गोडीत म्हणाली, एकदा रागानं म्हणाली, एकदा नुसता फोन ठेवून म्हणाली. पण केस्किलचे कान बापावर गेलेले, त्यातून नाही हा शब्द आत शिरतच नसे. उन्हाळाभर तो उत्तरेकडे पूल बांधायच्या कामावर असतो, तो नदी गोठल्यावरच परततो. म्हणजे हा शनिवार चुकला की पुढचा हिवाळा येईपर्यंत तिला न्यायला कोणी येत नाही. एवढंच तिला हवं होतं. एक उन्हाळा. तांबडी गाय व्यायला टेकली होती, तिचं वासरू कुरणात बागडताना बघायचं होतं, आणि पुढचं पुढे.

म्हणून गोठा आवरून झाला की ती जाड लोकरी नमद्याचे बूट चढवी, हातात लोखंडी पहार घेई आणि कुत्र्याला घेऊन थंडी मोडल्याच्या खुणा शोधायला निघे.

कुत्र्याचं नाव मोयतोरुक. गळ्याभोवती पांढरा पट्टा होता, बाकी अंगात काही गुण नव्हता. नवरा जिवंत असताना त्याच्याबरोबर हे कुत्रं रानात जायचं आणि खारींच्या मागं झाडाला पाय लावून भुंकायचं. नवरा म्हणायचा, याच्यासारखं नाक सगळ्या खोऱ्यात नाही. आता ते नाक बलागियाच्या वाट्याला आलं होतं, आणि ते एकाच गोष्टीचा माग काढत असे, ती म्हणजे लोकांनी हिवाळाभर फेकलेली माशांची मुंडकी.

"पाणी शोध म्हटलं तुला," बलागिया म्हणायची. "बर्फाखालचं पाणी. माशाची खोपडी नव्हे."

मोयतोरुक ती खोपडी तोंडात धरून शेपटी हलवी.

खुणा नव्हत्या असंही नाही. वाळुंजाच्या झुडपांना मऊ केसाळ कळ्या फुटल्या होत्या. लार्चच्या झाडांच्या बुंध्याशी उन्हाच्या बाजूला बर्फ खचून कोनाडे पडले होते. दुपारी छपरं गळत. पण रात्र झाली की बैल पुन्हा फुंकर घाली, आणि सकाळी सगळं होतं तसं, कडक, पांढरं, तोंडावर मारल्यासारखं. नदीचा बर्फ तर असा होता की त्यावर लग्नाची वरात न्यावी.

पाणवठ्याच्या भोकापाशी तिला तिची नणंद माप्पा भेटली. माप्पा बादल्या भरत होती आणि वाट बघत होती, कोणी बोलायला मिळतंय का.

"वहिनी, आज कुठं स्वारी?"

"कुत्र्याला फिरवायला."

"अगं बाई. माझा भाऊ होता तेव्हा त्याला कधी फिरवलं नाहीस."

"तुमचा भाऊ न सांगताच फिरायचा, वन्सं. त्याला घरी आणायचंच काम होतं."

माप्पानं ते ऐकून सोडून दिलं. तिला दुसरंच बोलायचं होतं. "मी गोठा झाडून घेतला हो. तुझ्या तांबडीला उजव्या अंगाला बांधीन, तिथं चांगली ऊब आहे. तू काही काळजी करू नकोस. तिकडं शहरात नळ सोडला की गरम पाणी, तुला काय."

"तांबडी अजून माझ्या दावणीला आहे."

"शनिवारपर्यंत ना," माप्पा म्हणाली, आणि बादल्या उचलून चालू लागली. तिची चालसुद्धा खुशीत होती.

बलागियानं पहार बर्फावर आपटली. पहार टणकन उडाली आणि तिच्याच कोपराला झिणझिण्या आल्या.

नदीच्या वाटेवर माप्पाचा मुलगा न्युकूस राखणदार होता. वाटेच्या दोन्ही अंगांना लहान लहान झाडं खोवून त्यानं हद्द आखली होती, काठाशी एक आडवं लाकूड टाकून फाटक केलं होतं, आणि दर दोन दिवसांनी तो मध्यावर भोक पाडून बर्फ मोजत असे. गावाला त्याचा शब्द म्हणजे नदीचा शब्द.

"न्युकूस, फाटक लाव आता," बलागिया म्हणाली. "कावळा आलाय."

"मामी, कावळा मागच्या महिन्यातच आला."

"छपरं गळतायत."

"दुपारी गळतात. रात्री गोठतात."

"मी काल काठावर कान देऊन ऐकलं. नदी आतून गुरगुरते."

"ते तुझं पोट असेल, मामी. घरी जाऊन काही खा."

"तू बर्फ मोजतोस कुठं?"

"मध्यावर."

"का, कडेला काय झालं? बुडणारा माणूस काय मध्यावर जाऊन बुडतो?"

न्युकूस हसला. तो स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याला हसू लवकर यायचं आणि अक्कल सावकाश. "ट्रक जाईल अजून, मामी. केस्किलदादाला सांगितलंय मी. बिनधास्त ये म्हटलं."

"तुला कोणी विचारलं होतं?"

"त्यानंच विचारलं."

त्या दिवशी बलागिया घरी आली ती भांडी आपटतच. चुलीतली राख काढली आणि घरामागं ओतायला गेली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की जिथं जिथं राख पडली होती तिथं तिथं बर्फ खाली बसला होता. आजूबाजूला मांडीइतका बर्फ आणि राखेखाली खळगे, तळाशी पाणीसुद्धा. उन्हाला पांढऱ्याशी वैर आणि काळ्याशी सलगी, हे काय तिला ठाऊक नव्हतं? लहानपणी तीच तर कुरणावर राख फेकत असे, गवत लवकर वर यावं म्हणून.

बैल आपणहून मरत नसेल तर त्याला जरा मदत करायला काय हरकत आहे.

दुसऱ्या दिवसापासून फिरायला निघताना तिच्या एका हातात पहार आणि दुसऱ्या हातात राखेची बादली असे. आपल्या काठाखाली जिथं वाट नदीवर उतरते, तिथून पुढं खोल डोहावर ती मुठीमुठीनं राख फेकत चाले. एक चूल पुरेना, म्हणून तिनं माप्पाच्या चुलीचीही राख मागून आणली. माप्पानं दिली, तिला वाटलं, जाता जाता वहिनी घर साफ करून देते आहे. मोयतोरुक राखेतून चालून काळा झाला आणि मग घरात जाऊन तिच्या गोधडीवर पांढरा झाला.

न्युकूसनं तिला राख टाकताना बघितलं. बलागियाचा हात जरा थबकला.

"वा, मामी," तो म्हणाला. "उतारावर लोक घसरतात, मी कधीचा म्हणत होतो काहीतरी टाकायला पाहिजे. गावात एवढी तरणी माणसं आहेत, कोणाला सुचलं नाही."

"कोणाला सुचणार. अक्कल लागते," बलागिया म्हणाली.

दुपारी उन्हात ती राख काळी चमकायची, बर्फाला बारीक भोकं पडायची. तिला बरं वाटलं. आणि शुक्रवारी सकाळी उठून बघते तो आभाळ खाली आलेलं आणि बर्फ पडतोय. एप्रिल संपत आल्यावर बर्फ. संध्याकाळपर्यंत सगळी राख, सगळे खळगे, तिची सगळी मेहनत पांढऱ्या चादरीखाली गडप झाली. बलागिया दारात उभी राहून त्या बर्फाला जे काही बोलली, ते इथं सांगण्यासारखं नाही.

मग केस्किलचा फोन.

"आई, उद्या दुपारी पोचतो. सामान फार घेऊ नकोस."

"बर्फ कच्चा झालाय."

"न्युकूस म्हणतो पक्का आहे."

"न्युकूस त्याच्या आईचा मुलगा आहे."

"आई."

"तांबडी आज उद्या विणारच."

"आत्या बघेल. तुझ्यासाठी खाट घेतली, खिडकीपाशी टाकलीय. तुझ्या सुनेनं, तुयारानं, नवीन पडदे शिवले."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची इमारत."

"ती काय करते?"

"कोण?"

"इमारत."

केस्किलनं लांब श्वास सोडला. "गेल्या जानेवारीत तू गोठ्याच्या वाटेवर पडलीस आणि कोणाला सांगितलं नाहीस. आत्याकडून कळलं मला. मला रात्री झोप लागत नाही, आई. उद्या येतो."

 पडली होती हे खरं, आणि माप्पाचं तोंड कधी गप्प बसत नाही हेही खरं.

शनिवारी तिनं सामान बांधलं नाही. तांबडीला गवत घातलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि कुत्र्याला घेऊन शेवटचं म्हणून नदीवर गेली. ऊन लख्ख होतं. नव्या बर्फावर एक पाऊल नव्हतं. न्युकूस फाटक उघडं टाकून जेवायला गेला होता.

"चल," ती कुत्र्याला म्हणाली. "आज तरी काही दाखव. नाहीतर उद्यापासून तू न्युकूसकडं, आणि मी इमारतीकडं."

मोयतोरुक पुढं धावला. उतार उतरला, वाटेवर लागला, आणि एकाएकी थांबला. एक पाय वर धरून त्यानं नाक खाली नेलं. मग पोटावर बसला आणि बारीक आवाजात कण्हू लागला.

"उठ. मासा असेल."

तो उठेना. तिनं पुढं जायचं केलं तर त्यानं तिच्या झग्याचं टोक दातात धरलं. असं त्यानं जन्मात केलं नव्हतं. तिनं पहार लांब करून पुढं टेकवली, जोर न लावता. पहार बर्फातून खाली गेली, जशी सुरी लोण्यातून जावी, आणि तिच्या मुठीपर्यंत गेली. काढली तेव्हा भोकातून राखेनं काळवंडलेलं पाणी वर आलं आणि पांढऱ्या चादरीवर पसरू लागलं.

बलागियाला आधी आनंद झाला. तो खोटा नव्हता, आणि नंतर त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण तेवढ्यात पलीकडच्या काठावर गाडीचा आवाज आला. झाडांतून एक निळी गाडी निघाली आणि थेट नदीवर उतरली.

तिनं फोन काढला. बोटं हातमोज्यातून निघेनात. लागला तेव्हा केस्किल म्हणाला, "दिसतेस मला, आई. आलोच."

"थांब तिथंच. बर्फ गेलाय."

"हो हो. कालही गेला होता."

"केस्किल, ऐक माझं."

"पाच मिनिटं. चहा टाक," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

महिनाभर ती जे ओरडत होती तेच आज ओरडली, आणि आज ते खरं होतं, आणि ऐकणारं कोणी नव्हतं. गाडी मध्यावर आली. मध्यावर बर्फ पक्का होता, न्युकूसनं मोजलेला. आता डोह तेवढा राहिला होता.

"मोयतोरुक, वाट काढ," बलागिया म्हणाली.

कुत्रा वरच्या अंगाला वळला. नाक खाली, दोन पावलं, थांब, परत दोन पावलं. ती त्याच्या पावलावर पाऊल टाकत गेली. एकदा बूट घोट्यापर्यंत आत गेला, थंड पाणी आत शिरलं, तिनं तो उपसून काढला आणि तशीच चालली. राख टाकली होती त्या पट्ट्याच्या पलीकडं पोचली, वाटेच्या मधोमध उभी राहिली, पहार दोन्ही हातांनी आडवी धरली, आणि कुत्रा तिच्या पायाशी भुंकायला लागला.

केस्किलनं भोंगा वाजवला. मग अजून वाजवला. मग ब्रेक लावला आणि खाली उतरला. अंगात शहरातलं जाकीट, डोक्यावर टोपी नाही.

"आई, पुरे झालं नाटक. सगळं गाव बघतंय."

"बघू दे." तिनं वळून मागचा बर्फ हाणला. एका घावात त्याचा तुकडा सुटला आणि पाण्यात हलू लागला. दुसऱ्या घावाला पाणी तिच्या बुटांपर्यंत उडालं.

केस्किल पुढं आला तो हळूच आला. उकिडवा बसला. पाण्यावर काळी साय तरंगत होती. त्यानं बोट बुडवून चोळून बघितलं.

"ही राख आहे."

"आहे."

"कुणाची?"

"चुलीची."

"कुणाच्या चुलीची, आई?"

"थोडी माझ्या. थोडी तुझ्या आत्याच्या. न्युकूसनं आभार मानले माझे."

त्यानं बोट जाकिटाला पुसलं. मग उठला आणि त्याचा आवाज चढला. "मी आत होतो. गाडीत मी होतो. वाटेत सासूबाईंना घेणार होतो, त्या ताप आला म्हणून राहिल्या. तुला कळतंय का काय झालं असतं?"

"कळतंय म्हणून तर इथं उभी आहे."

"एवढं यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं."

"म्हटलं. तू ऐकलंस?"

 बलागिया कुत्र्याकडं बघत म्हणाली, "चुकलं माझं." एवढंच. ती हे शब्द सहसा वापरत नसे, त्यामुळे ते जरा गंजलेले निघाले.

गाडी त्यानं मागं मागं नेऊन पलीकडच्या उंच काठावर उभी केली आणि पायी परत आला. कुत्रा पुढं, बलागिया मागं, तिच्या मागं केस्किल, असे ते वरच्या अंगानं वळसा घेऊन घरी गेले. काठावर माप्पा, न्युकूस आणि निम्मं गाव उभं होतं. न्युकूस फाटकाचं लाकूड आडवं टाकत होता. आता त्याला हसू येत नव्हतं.

"मामी, दुकानाचं सगळं पीठ पलीकडं राहिलं."

"मग थोडं कमी खा. तुला चालेल."

"वहिनी, माझी राख घेऊन गेलीस ती यासाठी?" माप्पा म्हणाली. "मी म्हटलं ही घर झाडते आहे."

"झाडलंच की, वन्सं. तुमचा गोठा मोकळाच राहिला."

घरी केस्किलनं ओले मोजे काढून चुलीपाशी टाकले आणि चहा घेताना इकडंतिकडं बघितलं. बोचकं नाही, पेटी नाही. भिंतीवरची चित्रं भिंतीवरच. पलंगाखाली लोकरीचे गुंडाळे तसेच.

"काहीच बांधलं नव्हतंस."

"नव्हतं." तिनं त्याच्यापुढं घावनं ठेवली, वर साय. मग समोर बसली आणि मनातलं बोलून टाकलं. "आता मला नाही म्हणायचा हक्क राहिला नाही. मुलाच्या वाटेवर खड्डा खणणारी आई मी. तू म्हणशील तर आत्ता चालत येते तुझ्या गाडीपर्यंत. वळशानं. अंगावरच्या कपड्यांनिशी."

ती खरं बोलत होती. शब्द देऊन फिरवायची तिच्या घरात रीत नव्हती. केस्किलनं घावन मोडलं, खाल्लं, दुसरं घेतलं. गोठ्यातून तांबडीचा आवाज आला, जड, अस्वस्थ. तो ऐकत राहिला.

"आज विणार?"

"आज नाहीतर उद्या."

"हिवाळ्यात रोज फोन करायचा," तो शेवटी म्हणाला. "सकाळी. पडलीस तर सांगायचं. मला, आत्याकडून नाही. आणि गोठ्याच्या वाटेला दोर बांधून जातो, धरून चालायला."

"आणि खाट?"

"ती सासूबाईंना होईल."

"तिला? खिडकीपाशी?" बलागियानं किटली दाणकन खाली ठेवली. "तिला काय गरज आहे, तिला दोन खाटा आहेत."

"आई, तू येतेस की नाही?"

"नाही. पण तिला कशाला?"

केस्किलनं कपाळ चोळलं. मग गोठ्याच्या वाटेला दोर बांधायला गेला. बांधलेला दोर तिला ढिला वाटला, तिनं तो सोडून परत बांधायला लावला, आणि खांब कुठं रोवायचा यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. दुपार कलली तेव्हा ती त्याला कुत्र्यासह वळशानं काठापर्यंत सोडायला निघाली. त्यानं तिला नदीवर येऊ दिलं नाही. मोयतोरुकला पुढं घालून तो गेला. पलीकडं पोचल्यावर कुत्रा परत वळला आणि आल्या पावलावर पाऊल ठेवत एकटाच नदी ओलांडून तिच्याकडं यायला निघाला.

तिचा फोन वाजला.

"पोचलो, आई."

"दिसतंय मला. एवढ्यासाठी फोन कशाला?"

"फोन करून सांगायचं ठरलंय ना. नियम काय तुला एकटीलाच?"

"जा आता. ऊन आहे तोवर जंगल पार कर. टोपी घाल."

पलीकडं तो गाडीच्या दाराला टेकून उभा होता, टोपी घालत नव्हता. बलागियाला त्याला अजून एकदा ओरडावंसं वाटलं, पण तिनं फोन कानाला तसाच धरला, आणि तिकडून तोही काही बोलेना, आणि फोन ठेवीना.